मदत हवी आहे: भर दुपारी बंदरावर कॅमेऱ्याची स्क्रीनच दिसत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांची होडी यंदा शेवटची वर ओढली जाणार आहे. पुढच्या हंगामात ती पाण्यात उतरणार नाही, असं बाबांनी सांगून टाकलंय. गुडघ्यांमुळे त्यांना वाळूत चालवत नाही. होडी ओढतानाचे फोटो काढ आणि कागदावर छापून दे, एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलंय. हे फोटो मला चुकवायचे नाहीत, म्हणून आधीच विचारते आहे.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंजर्ल्याचे. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी होड्या वर घेऊन शाकारायच्या, म्हणजे पावसाआधी झापांनी झाकायच्या. ओढायला उधाणाची भरती लागते आणि आमच्याकडे ती येते नेमकी दुपारी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा बाबांचा हिशोब. पौर्णिमेचे १५, त्याचे सव्वाअकरा. पाणी पुरतं चढेपर्यंत बारा वाजतात. त्यामुळे सकाळच्या कोवळ्या उन्हात फोटो काढा, असं कृपया सांगू नका.

कॅमेरा खिशात मावणारा डिजिटल आहे, मावसबहिणीने दिलेला. झूम ५ पट, मागे पावणेतीन इंची स्क्रीन. डोळा लावून बघायची खिडकी नाही. मोबाइलने काढून पाहिलं, पण लांबची होडी जवळ घेतली की चित्र फुटतं.

काल खाडीच्या तोंडाशी जाऊन सराव केला. स्क्रीनवर मला माझाच चेहरा आणि मागचं आभाळ दिसत होतं, होडी कुठेच नाही. ब्राइटनेस पूर्ण वाढवला तरी तेच. अंदाजाने काढले तर ओंडक्यांवरून दोर ओढणाऱ्या माणसांचे पाय कापले गेले आणि समुद्र एका बाजूला कलला. जे थोडं दिसलं ते काळपट वाटलं, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ केलं. घरी कॉम्प्युटरवर पाहते तर लाटांचा फेस आणि पांढरा शर्ट एकच झालेला, शर्टाची घडीसुद्धा दिसेना.

आणखी एक कोडं आहे. कॅमेरा उभा धरला की स्क्रीन ठार काळी होते, आडवा धरला की परत येते. बिघडलाय का? दुरुस्तीला टाकायला आता वेळ नाही.

प्रतिसाद १

ताई, गॉगल घातला होतात का? पोलराइज्ड काचांचा असेल तर कॅमेऱ्याला काहीही झालेलं नाही. एलसीडी स्क्रीनचा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो आणि तुमची काच आडव्या दिशेचा प्रकाश अडवते. त्या दोन दिशा जुळल्या की स्क्रीन काळी. गॉगल काढून कॅमेरा उभा धरून बघा.

एक्स्पोजरचं म्हणाल तर उन्हात स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही. बाहेर इतका लख्ख उजेड असतो की चांगला फोटोही तिथे काळा वाटतो. फोटो बघताना डिस्प्लेचं बटण दाबत राहा, बहुतेक कॅमेऱ्यांत डोंगरासारखा आलेख येतो. तो उजव्या भिंतीला चिकटून वर चढला असेल तर पांढरं जळालं. मग +१ नको, शून्यावर या, गरज पडली तर पाव-अर्धा खाली.

प्रतिसाद २

मी दाभोळ खाडीच्या बाजूचा, हाच त्रास वर्षानुवर्षं काढलाय. स्क्रीनच्या मापाची काळ्या पुठ्ठ्याची चौकोनी नळी करा, चार बोटं खोल, आणि रबर बँडने मागे बसवा. आत डोकावून बघायचं. चाळिशी लागली असेल तर जवळचा चष्मा सोबत ठेवा.

हात लांब करून काढू नका, त्यानेच फोटो हलतात. पट्टा गळ्यात घालून ताणून धरा, कोपर बरगड्यांना टेकवा. चौकट थोडी सैल ठेवा, कडेचं नंतर कापता येतं, पण कापलेले पाय परत मिळत नाहीत. स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा सुरू करा म्हणजे समुद्र सरळ येईल.

बारा वाजता टोपीखाली सगळ्यांचे चेहरे काळे पडतील. माणसं दोन-तीन मीटरवर असतील तेव्हा फ्लॅश ऑटोवर न ठेवता मुद्दाम चालू करा.

धागाकर्ती

गॉगलच होता! काढल्याबरोबर उभी स्क्रीन दिसली. माझ्या डोक्यातही आलं नसतं, मनापासून आभार.

नळी वहीच्या पुठ्ठ्याला काळा कागद चिकटवून केली. आज साडेबाराला पुन्हा गेले. होडीच्या नाळेवरचा (पुढच्या टोकावरचा) सोललेला निळा रंग आणि त्याखालची जुनी हिरवी पट्टी स्क्रीनवर स्पष्ट दिसली. घामाने नळी ओली होते, तेवढा रुमाल जवळ ठेवावा लागेल. पट्टा ताणल्यावर झूम लावूनही होडीवरची अक्षरं वाचता आली.

एक अडलंय. माणसं एकदम जोर लावतात, मी बटण दाबते, आणि फोटो येईपर्यंत होडी हातभर पुढे गेलेली असते.

प्रतिसाद २

बटण अर्धं दाबून ठेवा. हिरवा चौकोन आला की फोकस धरला गेला. होडी जिथे येणार त्या अंतरावरच्या ओंडक्यावर आधी धरा, बोट तसंच ठेवा आणि हाळी ऐकू आली की उरलेलं दाबा. वेळ जातो तो फोकस शोधण्यात, तो आधीच उरकलेला असेल.

धागाकर्ती

उद्या शेजारच्या होडीवर करून बघते, ती चतुर्दशीला ओढणार आहेत. आमची पौर्णिमेला. बाबा म्हणाले, शाकारून झाल्यावरचाही एक काढ, पण निळं प्लास्टिक टाकायच्या आधी. झाप (माडाच्या झावळ्यांचे) मी स्वतः विणून ठेवलेत.