एकट्याने हरीण पिकअपमध्ये कसं चढवायचं?

अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, शिकारीचं लायसन्स काढून नोव्हेंबरच्या गन सीझनला, म्हणजे बंदुकीने हरणाच्या शिकारीच्या हंगामाला जातो. यंदा पार्टनर नाहीये. गेल्या वर्षी एकट्यालाच मोठा नर मिळाला, आतडी तिथेच काढली तरी साठेक किलो असेल, आणि टेलगेट (पिकअपचं मागचं, खाली उघडणारं दार) कमरेच्या वर, पुढचं धड वर टाकलं की मागचं घसरून खाली, अर्धा तास हेच, शेवटी पाठ धरली ती आठवडाभर. तुम्ही लोक कसं करता?

उत्तर १
दादा, उचलायचंच नाही, ओढायचं. गाडी चढाच्या पायथ्याशी रिव्हर्स लावा, म्हणजे बांध आणि टेलगेट एका लेव्हलला येतात, हँडब्रेक नीट ओढा. पुढचे पाय डोक्याजवळ बांधा, दोर शिंगांना, आणि डोकं पुढे ठेवूनच ओढा. केसांच्या दिशेने सरसर येतं, उलटं ओढलं की केस उभे राहून अडतं. बर्फात मुलांची प्लास्टिकची स्लेड (बर्फावरची घसरगाडी) घ्या, जंगलातून आणायलाही तीच.

उत्तर २
सपाट जागा असेल तर दोन जाड फळ्या आणि हाताने चालवायची विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), पिकअपच्या मागच्या हौद्यातल्या पुढच्या हुकला अडकवून. हळू येतं पण पाठ वाचते. फक्त दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत आणि हरणाच्या खालच्या बाजूला अजिबात उभं राहू नका, एकटे आहात, फोनला रेंजही नसते कधीकधी. घरी कुठे आहात ते सांगून जा.

प्रश्नकर्ता
बांधाची आयडिया सुचलीच नव्हती! शेताच्या कडेला तसा चढ आहे. थँक्यू दोघांना.

उत्तर १
आणि दमलात तरी हरणाची नोंदणी शिकारीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत करा.