शेजाऱ्याचा पाइप, आपला चेंबर : तुमचे अनुभव सांगा

परवा संध्याकाळी शेजारचे काका चहाला आले आणि अर्धा कप संपल्यावर विषय काढला. मागच्या बाजूला ते दोन खोल्या आणि न्हाणी-संडास काढताहेत. आमचं बेळगावातलं घर कोपऱ्याचं, यूजीडीची, म्हणजे जमिनीखालच्या सांडपाण्याची, लाइन आमच्या बाजूच्या बोळातून जाते. त्यांच्या दारात मात्र ती रस्त्यापलीकडे. म्हणजे काँक्रीट फोडायचं, महापालिकेची परवानगी, खोदाईचे पैसे. "तुमच्या चेंबरात एक चार इंची सोडली की झालं." बाबा म्हणाले, "सोडा की, त्यात काय!" आतून आईने भांडी आपटायला सुरुवात केली.

रविवारी गवंडी येणार आहे. कायदा नको, उपदेशही नको. तुमच्याकडे काय झालं तेवढं सांगा.

— अनगोळ

आमच्या आजोबांनीही नेमकं "सोडा की" असंच म्हटलं होतं, म्हणून लिहायला बसले.

शहापुरातली जुनी घरं तुम्हाला माहीतच आहेत. पुढून बारा-चौदा फूट, आणि आत चालत गेलं तर परडं येईपर्यंत संपत नाहीत. भिंती सामाईक. मागच्या न्हाणीचं पाणी पुढच्या गटारीला न्यायचं तर घराच्या पोटातूनच न्यावं लागतं. आमच्या पाइपात शेजारच्यांनी त्यांची मोरी जोडली, तेव्हा त्यांच्याकडे म्हातारा-म्हातारी दोघंच. बंबातलं पाणी, दिवसाला फार तर चार-पाच बादल्या. आमचा चिनी मातीचा चार इंची पाइप तेवढं पाणी सहज घेत होता.

पुढे दोघंही गेली. मुलगा हुबळीला, घर भाड्याने. परडं बांधून काढलं, तीन खोल्या, तीन संडास, आणि सगळं आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीखालून. आम्हाला कुणी विचारलं नाही, कारण विचारून झालं होतं ना, आजोबांच्या वेळी!

2019 च्या ऑगस्टातला पाऊस आठवत असेल. पुढची लाइन तुंबली. तुंबलेलं पाणी जे तोंड सगळ्यांत खाली असेल तिथून वर येतं. त्यांच्या खोल्यांचं जोतं दोन फूट उंच, आमची न्हाणी जुनी, खोलगट. तिकडे भाडेकरू निवांत आंघोळ करतोय आणि आमच्या जाळीतून साबणाचा फेस वर. मी भिंतीवरून ओरडले, "नळ! नळ!" तो बिचारा विजापूरकडचा, मराठी येत नव्हतं. त्याला वाटलं नळाला पाणी आलंय म्हणून सांगतेय. त्याने घाईघाईने सगळ्या बादल्या भरून घेतल्या आणि आधीचं शिळं पाणी मोरीत ओतलं.

आता हसू येतं. त्या दिवशी गुडघाभर घाणीत तांदळाचा डबा डोक्यावर घेऊन उभी होते.

पाणी ओसरल्यावर फरशी फोडली. पाइपाचे दोन जोड निखळलेले, खालची माती वाहून गेलेली. मालक हुबळीहून आले आणि म्हणाले, "एवढी वर्षं चाललंय, आता काय झालं?" गल्लीतल्या पंचांसमोर दोन बैठका झाल्या. शेवटी त्यांनी स्वतःच्या घराच्या पोटातून सहा इंची पाइप नेला. आमच्या फरशीचे पैसे अजून यायचेत.

— शहापूर

आम्ही वैनींच्या न्हाणीचं पाणी आमच्या चेंबरात घेतलंय. अठरा वर्षं झाली. काहीही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

— वडगाव

वडगावकर, अठरा म्हणालात म्हणून लिहितो. कायदा नको असं वर म्हटलंय, पण एवढं ऐकाच. वहिवाटीच्या हक्कांचा कायदा 1882 चा. 1891 मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला, आणि आपला बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात. त्यातलं 15 वं कलम म्हणतं की उघडपणे, विनातंटा, विनाखंड आणि हक्क म्हणून 20 वर्षं वापर झाला तर तो हक्क पक्का होतो. परवानगी घेऊन केलेला वापर 'हक्क म्हणून' धरत नाहीत. पण तोंडी परवानगी तुमच्या वडिलांनी दिली, घेणारे काका वारले, की कोर्टात ती कोण सांगणार?

दुसरं कुणी सांगत नाही ते 60 वं कलम. नुसती परवानगी केव्हाही काढून घेता येते. मात्र त्या भरवशावर समोरच्याने पैसे घालून पक्कं काम केलं असेल, तर ती परत घेता येत नाही. जमिनीत पाइप पुरून वर काँक्रीट घातलं तर ते पक्कं काम नव्हे असं कसं म्हणणार? म्हणून लिहून घ्यायचं ते गवंडी येण्याआधी : परवानगीने देतोय, एवढ्याच न्हाणीसाठी, आणि काढायला सांगितलं तर कुणी, किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने काढायचं. चेंबर तुंबला तर माणूस कुणी बोलवायचा, हेही. माझ्याकडे आलेली निम्मी भांडणं या शेवटच्या ओळीवरची होती.

— चिकोडी

बाँड पेपर पुढे केला की शेजारी तोंड फिरवतो साहेब. गल्लीत राहायचंय आम्हाला.

— वडगाव

फिरवू दे की. फेस आला तेव्हा कुणाचं तोंड दिसलं नव्हतं.

— शहापूर

मागणाऱ्याची बाजू पण लिहिते. आम्ही खानापूर तालुक्यात, गावाकडे यूजीडी वगैरे काही नाही. घर बांधताना आमच्या जागेत दोन फुटांवर जांभा लागला. शोषखड्डा खणायला शेजारच्या अक्कांच्या जागेचा कोपरा मागितला, नुसता पडीक होता. अक्का कन्नड, पण आमच्याशी मराठीच बोलतात. त्या दिवशी मात्र कन्नडच आलं तोंडातून : "बावी हत्तर ऐत्री." विहीर जवळ आहे. तीस पावलंसुद्धा नव्हती हो. जांभ्याच्या भेगांतून पाणी कुठल्या कुठे जातं, आम्हालाही माहीत होतं, तरी राग आला. दोन महिने मी त्यांच्या दारावरून जाताना पदर सावरायच्या निमित्ताने मान खाली घालत होते. ह्यांनी शेवटी जांभा फोडून आमच्याच जागेत, विहिरीपासून लांबच्या टोकाला खड्डा काढला. खर्च दुप्पट. कणकुंबीकडून पाऊस आला तसा पहिल्याच वर्षी तो खड्डा तीन दिवस वाहिला. उतार आमच्याच अंगणाकडे होता, म्हणून वाचलो. अक्कांनी काही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी चवळीच्या शेंगा पाठवल्या.

— खानापूर

पाणी घालवायचं नाही, द्यायचं होतं आमच्याकडे. शेजाऱ्यांचा नळ बंद पडला, तर आमच्या नळाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारून दिली. उन्हाळ्यात धार बारीक, दोन्ही घरांनी मोटर लावली, ज्याची मोटर मोठी त्याला पाणी. बिल आमच्या नावावर! टी काढली. आता टाकी भरली की नळी देतो. भांडण नाही.

— निपाणी

धागा काढणारा बोलतोय. सगळ्यांचे आभार. बाबांना शहापूरचा अनुभव मोठ्याने वाचून दाखवला. फेसापर्यंत हसले, फरशीला गप्प झाले.

रविवारी गवंडी आले ते पाण्याची लेव्हल नळी घेऊनच. चिकोडीकरांचा कागद खिशात तयार होता, पण काढायची वेळच आली नाही. काकांच्या नव्या संडासापासून आमच्या चेंबरापर्यंत बत्तीस फूट. चार इंची पाइपाला चाळीस फुटांना फूटभर तरी उतार हवा, म्हणजे इथे साडेनऊ-दहा इंच. नळी लावली तर मिळत होते चार. गवंडी म्हणाले, "पाणी जाईल की. बाकीचं बसेल." काका स्वतःच म्हणाले, रस्ता फोडू. अर्ज कन्नडमधून करायचा होता, तो मी टायपिंगवाल्याकडून करून आणून दिला.

बाबांना मात्र शब्द दिला आणि पाळता आला नाही याचं फार लागलं. म्हणून त्यांनी बांधकामावर पाणी मारायला आमच्या विहिरीवरची नळी काकांना देऊन टाकली. किती दिवसांसाठी, ते विचारायचं राहिलं. आई पुन्हा भांडी आपटतेय.

— अनगोळ