पाव एकराची अट
1840 च्या दशकातल्या दुष्काळात आयरिश कुळांना जमीनदारांनी हाकललं ते खंड (जमिनीचं भाडं) थकला म्हणून, असं सांगतात, ते खरंय, पण कायद्यानेच जमीनदारांच्या हातात कोलीत दिलं ते त्यात सुटतं. 1847 ला, ऐन दुष्काळात, ब्रिटिश संसदेतला खासदार विल्यम ग्रेगरी याने गरीब-मदतीच्या कायद्यात केलेल्या दुरुस्तीने अट आली की पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही, म्हणजे पोरांच्या पोटात घास घालायचा तर शेत सोडा. त्यात 4 पौंड किंवा कमी मूल्यांकनाच्या जमिनीवरचा गरीब-मदतीचा कर जमीनदाराच्या माथी, मग लहान कुळं जितकी कमी तितका कर कमी, घरंच पाडायला घेतली.

लोक परत येऊ नयेत म्हणून आधी छप्पर उतरवायचे. तरी काही जण त्याच पडक्या भिंतींना काटक्या न् गवताची ढेकळं लावून आडोसा करायचे, त्याला 'स्काल्पीन' म्हणत, आणि तिथूनही त्यांना हुसकायचे. वाचताना जीव तुटतो अक्षरशः. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या मायकल डेव्हिटचं कुटुंब 1850 ला असंच घराबाहेर काढलं, तेव्हा तो 4 वर्षांचा होता, आणि 1879 ला कुळांच्या हक्कांसाठी लढणारी लँड लीग ही संघटना उभी करणाऱ्यांत तोच पुढे होता.