दिवाळी अंक पहिल्यांदाच ऑफसेटवर: प्रेसला फाइल देण्याआधी काय तपासायचं?

अंकगणित यांचा प्रश्न

मंडळाचा दिवाळी अंक आजवर पीडीएफ म्हणून ई-मेलने जायचा, यंदा ऑफसेटवर (प्लेटा बनवून मशीनवर) छापायचाय. ५०० प्रती, परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून बांधणी). आतली पानं एकरंगी, जाहिरातींची काही पानं रंगीत, मुखपृष्ठ चाररंगी आणि वर मॅट लॅमिनेशन. इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) ७.५ × ९.५ इंच धरून १८० पानं लावून झाली आहेत. मजकूर निम्मा युनिकोडमध्ये, निम्मा लेखकांकडून श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत) आलेला. मुखपृष्ठ अक्षरांसकट फोटोशॉपमध्ये केलंय. व्यंगचित्रं आणि जाहिराती बहुतेक व्हॉट्सॲपवरून आलेल्या, काही जाहिराती वर्डमध्ये.

प्रेसवाले एवढंच म्हणाले: "ब्लीड ठेवा, सीएमवायके करा, प्रेस-रेडी पीडीएफ द्या." (सीएमवायके म्हणजे छपाईचे चार रंग: निळा, गुलाबी, पिवळा, काळा, एवढं कळलं.) ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई, नेमकं किती? सगळा मजकूर कर्व्ह करायचा (अक्षरांच्या आकृत्या करायच्या) का? स्पाइनची, म्हणजे अंकाच्या पाठीची, रुंदी कशी काढतात? आणि आणखी काय विचारायला हवं होतं, जे मी विचारलं नाही?

---

मॅपलिथो_सत्तर

फाइलच्या आधी कागद. तुमचा आकार आणि पानांची संख्या, दोन्ही अडचणीत आणणार.

अशा अंकाला सहसा २० × ३० इंची कागद वापरतात. त्यावर एका बाजूला ८, दोन्ही बाजूंना मिळून १६ पानं बसतात. हा एक फर्मा. म्हणजे न कापलेलं पान ७.५ × १० इंच. तुम्ही कापून झालेलं पानच ७.५ धरलंय, मग कटिंगला जागा कुठून येणार? तयार पान ७.२५ × ९.५ करा, म्हणजे १८४ × २४१ मिमी. दोन्ही बाजूंना ३ मिमी ब्लीड धरलं की रुंदी १९० होते. चार पानं ७६० मिमी आणि कागद ७६२. जेमतेम बसतं, पण बसतं. उंचीत दोन पानं ब्लीडसकट ४९४ होतात, कागद ५०८, उरलेल्या १४ मिमीमध्ये मशीनचा ग्रिपर (कागद पकडायची जागा). ७.५ चा हट्ट धरलात तर प्रेस मोठा कागद घेईल, त्यातला बराच कापून रद्दीत जाईल आणि बिल तुमच्या नावावर लागेल.

१८० पानं म्हणजे सव्वाअकरा फर्मे. उरलेल्या ४ पानांसाठी वेगळ्या प्लेटा, वेगळं मशीन लावणं. १७६ करा (११ फर्मे) किंवा १८४ (साडेअकरा). अर्धा फर्मा चालतो, पाव फर्मा महाग पडतो.

रंगीत जाहिराती अंकभर विखुरल्या असतील तर त्या एका फर्म्यात आणा. ८१ ते ९६ हा सहावा फर्मा पूर्ण रंगीत ठेवला तर तो ९० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) आर्ट पेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर, छापता येतो. पैसे वाचवायचे असतील तर एक बाजू चाररंगी, दुसरी एकरंगी असंही करतात. मग रंग फर्म्यातल्या १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ या पानांवरच मिळेल, कारण कागदाच्या एका बाजूला हीच पानं येतात. जाहिरातदाराला पान कबूल करण्याआधी हे बघा, नाहीतर "माझं रंगीत पान कुठंय?" हा फोन ठरलेला.

स्पाइनचा हिशोब: पानं भागिले दोन, गुणिले कागदाची जाडी. ७० जीएसएम मॅपलिथो (लेप नसलेला साधा कागद) साधारण ०.०९ मिमी. १७६ पानांतला रंगीत फर्मा वगळून उरलेल्या १६० पानांचे ८० कागद म्हणजे ७.२, त्यात आर्ट पेपरचे ८ कागद, म्हणजे पाऊणेक मिमीच्या आत. कव्हरची जाडी धरून ८ ते ८.५. पण हा फक्त अंदाज झाला. मिलनुसार कागदाची जाडी बदलते, म्हणून त्याच कागदाची कोरी डमी बाइंडरकडून बांधून घ्या, पट्टीने मोजा आणि मगच कव्हर पक्कं करा. ८ आलं तर कव्हरची फाइल १८४ + ८ + १८४ = ३७६ × २४१, ब्लीडसकट ३८२ × २४७. डावीकडे मलपृष्ठ, उजवीकडे मुखपृष्ठ. कव्हरच्या आतल्या बाजूला स्पाइन आणि तिच्या दोन्हीकडे ६ मिमी पट्टा कोरा सोडा. तिथे शाई किंवा वार्निश असेल तर गोंद धरत नाही आणि दोनदा उघडल्यावर अंक हातात सुटा येतो.

परफेक्ट बाइंडिंगमध्ये पाठ खरवडताना साधारण ३ मिमी कागद जातो, शिवाय अंक सपाट उघडत नाही. आतला समास १८ मिमीपेक्षा कमी नको. दोन पानांवर पसरलेलं चित्र टाळलेलंच बरं, मधलं तोंड हमखास खाचेत जातं.

---

प्लेट_सीटीपी

वरचं नक्की झालं की रंग बघा. या अंकात सगळ्यात जास्त त्रास काळ्याचाच होणार आहे.

वर्डमधून मजकूर आणला की स्वॉचेस (रंगांच्या यादीच्या) पॅनेलमध्ये 'वर्ड आर शून्य जी शून्य बी शून्य' अशा नावाचा रंग गुपचूप येऊन बसतो. पडद्यावर तो काळाच दिसतो. पण तो आरजीबी (पडद्यासाठीचा लाल-हिरवा-निळा) असतो, सीएमवायके होताना त्याचे चार रंग होतात. रंगीत पानावर ११ पॉइंटचं अक्षर चार प्लेटांनी छापलं आणि कागद केसभर सरकला, की प्रत्येक मात्रेला निळी-गुलाबी सावली. तो स्वॉच डिलीट करा, जागी इनडिझाइनचा मूळ ब्लॅक द्या.

तपासायला विंडो, आउटपुट, सेपरेशन्स प्रीव्ह्यू उघडा, त्यात एकेक प्लेट वेगळी दिसते. एकरंगी पानांवर फक्त ब्लॅक बंद करा. पान पूर्ण पांढरं झालं पाहिजे. काहीही उरलं तर ती चूक. फोटो बहुधा इथेच सापडतात: रंगीत फोटो एकरंगी पानावर तसाच राहिला तर मशीनवर त्याची फक्त काळी प्लेट लागते, चेहऱ्यांचे बाकी रंग जातात आणि फोटो धुतल्यासारखा येतो. फोटोशॉपमध्ये ग्रेस्केल करून घ्या. मॅपलिथो शाई पितो, ठिपका फुगतो, म्हणून मधले टोन थोडे उजळ ठेवा आणि गडद भाग ९० ते ९५ टक्क्यांच्या वर नेऊ नका.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या चित्राची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. पूर्ण पानाच्या जाहिरातीची उंची ब्लीडसकट ९.७५ इंच, म्हणजे भरतात १६४ पीपीआय (इंचाला पिक्सेल). हवेत ३००. फोटोशॉपमध्ये आकडा ३०० लिहिल्याने तपशील वाढत नाही. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. लिंक्स पॅनेलमध्ये 'इफेक्टिव्ह पीपीआय' (पानावर बसवल्यानंतरचा आकडा) बघा, 'ॲक्च्युअल' नव्हे.

व्यंगचित्रांना वेगळा नियम. शाईच्या रेषेचं चित्र ३०० च्या ग्रेस्केलमध्ये टाकलं तर रेषेच्या कडेला जाळीचे ठिपके येतात, रेघ कुरतडल्यासारखी दिसते. १२०० पीपीआयवर स्कॅन करून १ बिटचं (नुसतं काळं-पांढरं) बिटमॅप टिफ ठेवा. वॉशमध्ये (पातळ शाईच्या छटांत) रंगवलेलं असेल तर मात्र ग्रेस्केल ३०० च बरोबर.

जाहिरातींमधले पैसे भरायचे क्यूआर कोड फक्त काळ्या १०० मध्ये, किमान २ सेंमी, चारही बाजूंना पांढरी मोकळी जागा. चार रंगांत गेलेला कोड छापून आल्यावर स्कॅन होईलच असं नाही. वर्डमधल्या जाहिराती पीडीएफ करून ॲक्रोबॅटच्या 'कन्व्हर्ट कलर्स'मधून काढा, 'प्रिझर्व्ह ब्लॅक'वर खूण करून.

एक्सपोर्ट करताना सुटी पानं द्या, स्प्रेड (समोरासमोरची जोडपानं) नको. पानं फर्म्यात लावायचं काम प्रेसचं आहे. ब्लीड ३ मिमी, क्रॉप मार्कही पानापासून ३ मिमी लांब, नाहीतर खुणा ब्लीडमध्ये घुसतात. कव्हरची पीडीएफ वेगळी. पीडीएफ एक्स-४ की एक्स-१ए (छपाईच्या पीडीएफचे प्रकार) हे प्रेसला विचारा. रिप (पीडीएफवरून प्लेटसाठी ठिपके तयार करणारं सॉफ्टवेअर) नवा असेल तर एक्स-४, जुना असेल तर एक्स-१ए. रंगाचं प्रोफाइलही (कागद आणि मशीनप्रमाणे रंग बदलून देणारी सेटिंग) विचारा. आर्ट पेपरला फोग्रा ३९ बऱ्याच ठिकाणी चालतं. अडोबीचं स्वॉप प्रोफाइल अमेरिकेतल्या वेब मशीनसाठी बनवलेलं, आपोआप लागलं म्हणून ठेवू नका.

---

शिरोरेषा

मजकुराबद्दल. श्रीलिपीतलं लिखाण कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून सगळा अंक एकाच फॉन्टमध्ये करा. कन्व्हर्टर ठरलेल्या जागी अडखळतात: रफार, 'दऱ्या', 'वाऱ्यावर' मधला ऱ्य, 'ॲ', अवतरणचिन्हं, आकडे. हे शोधून-शोधून बघा, नुसतं वाचताना डोळा चुकतो.

इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ स्टाइललाच वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर लावा. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते, जोडाक्षरं फुटतात. भाषा मराठी निवडा, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

मुखपृष्ठावरची अक्षरं फोटोशॉपमध्ये ठेवू नका. चित्रासोबत तीही ३०० पीपीआयची होतात आणि शिरोरेषेची कड दातेरी येते. फोटोशॉपमधून फक्त चित्र घ्या, नाव इनडिझाइनमध्ये वर टाका. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं छोटं अक्षर असेल तर ठळक वजन घ्या. बारीक वजनात अनुस्वार आणि उकार शाईने बुजतात.

आतला मजकूर मात्र कर्व्ह करा. प्रेसकडे कोरलची (कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची) जुनी आवृत्ती असली आणि त्यांनी पीडीएफ त्यात उघडली, तर युनिकोड मराठीचा चुराडा होतो.

---

प्लेट_सीटीपी

शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही. मुखपृष्ठ कर्व्ह करा, हरकत नाही. १७६ पानं कर्व्ह केलीत तर फाइल जड होते आणि शेवटच्या क्षणी पीडीएफमध्ये एक शब्दही बदलता येत नाही. फॉन्ट एम्बेड झालेत (फाइलमध्येच सामील झालेत) का, ते ॲक्रोबॅटमध्ये प्रॉपर्टीज, फॉन्ट्समध्ये दिसतं. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' पाहिजे. पीडीएफ कोरलमध्ये उघडणारा प्रेस असेल तर त्याला आधीच विचारा, "पीडीएफ थेट रिपला देता की उघडता?" उघडतो म्हणाला तरच कर्व्ह.

---

अंकगणित

आभार. आकार आणि पानं बदलतेय, १७६ करते. एक राहिलं: मुखपृष्ठाचा तळ पूर्ण काळा आहे, त्यावर फोटो आणि पांढरं नाव. तो काळा कोणता द्यायचा?

---

प्लेट_सीटीपी

नुसता के १०० (फक्त काळी शाई) मोठ्या जागेत करडा, फिका दिसतो, मॅट लॅमिनेशनखाली जास्तच. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० द्या, बेरीज २४०. रजिस्ट्रेशन स्वॉच (जुळणीच्या खुणांसाठीचा) चुकूनही नको, तो ४०० टक्के होतो, शाई वाळत नाही आणि मागच्या कागदाला लागते. सेपरेशन्स प्रीव्ह्यूमध्ये इंक लिमिट (चार शाईंची बेरीज) ३०० ठेवा, फोटोत जिथे लाल दिसेल तिथे गडद भाग कमी करा.

नाव मोठं असेल तर हाच काळा चालेल. खाली किंमत, वर्ष अशी १० पॉइंटच्या आतली पांढरी अक्षरं असतील तर तेवढ्या पट्ट्यात सी ४० आणि के १०० एवढंच ठेवा, मग दोनच प्लेटा जुळायला लागतात. पांढऱ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता वर छापणं) लागलेलं नाही ना, हे ॲट्रिब्यूट्स पॅनेलमध्ये बघा. लागलं असेल तर पडद्यावर नाव दिसेल आणि प्लेटवर गायब असेल. 'ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू' चालू करून बघितलं की लगेच कळतं.