मदत हवी आहे: साइट इंजिनिअरचा अनुभव पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) प्रमाणपत्राच्या अर्जात कसा लिहायचा?
मी देवगडची, सिव्हिल पदवीधर. मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात जेटी आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची कामं बघते. पीएमपीसाठी पदवीधराला लागणारे प्रकल्प सांभाळल्याच्या अनुभवाचे ३६ महिने भरतात, ३५ तासांचं प्रशिक्षणही ऑनलाइन झालंय. अडचण पदाची आहे. कागदावर मी फक्त साइट इंजिनिअर. प्रत्यक्षात पावसाळ्याआधी काम उरकायचं वेळापत्रक, खर्च, पोटठेकेदार, ओहोटीची वेळ साधून माणसं लावणं, सगळं माझ्याकडेच. हे प्रमाणपत्र देणाऱ्या पीएमआय संस्थेची माहितीपुस्तिका वाचली, पण मिळालेले नमुना अर्ज सगळे आयटीवाल्यांचे. पहिल्या ठेकेदाराने धंदा बंद केलाय, त्याचा संपर्क नाही. नोकरी सोडून पुण्याला क्लास लावणं शक्य नाही. बांधकाम क्षेत्रातून अर्ज मंजूर झालेल्या कोणी सांगाल का: ही कामं कोणत्या शब्दांत मांडलीत, आणि बंद पडलेल्या ठेकेदाराकडच्या कामाच्या पडताळणीसाठी कोणाचं नाव दिलंत?