एल आकाराच्या हॉलमध्ये सराउंड स्पीकर कुठे लावू?

कोथरूडकर:
मंडळी मदत करा. हॉल एल आकाराचा, टीव्हीची भिंत ११ फुटी, समोर सोफा मागच्या भिंतीला टेकून. डावीकडे बाल्कनीचं काचेचं दार, त्याच्या बाजूला हातभर भिंत उरते तिथे एक सराउंड (बाजूने-मागून आवाज देणारा स्पीकर) ठोकला, पण उजवीकडे भिंतच नाहीये, तिथून डायनिंग सुरू. मग दुसरा डायनिंगच्या पलीकडच्या भिंतीवर लावला, सोफ्यापासून १२ फूट, तो ऐकूच येत नाही. दोन्ही टीव्हीशेजारीच ठेवून दिले तर? आणि हो, वायर पायात आली तर सगळा सेट परत जाणार असं घरून बजावलंय.

खटपट्या:
टीव्हीशेजारी नको हो, मग ५.१ (पाच स्पीकर आणि बेससाठी वेगळा सबवूफर) घेतलं कशाला! कोन आधी बघा, अंतर नंतर. तुम्ही बसता तिथून टीव्ही शून्य अंश धरला तर सराउंड साधारण ११० अंशावर हवेत, म्हणजे कानाच्या बाजूला पण जरासे मागे. म्हणून सोफा आधी भिंतीपासून दीड फूट पुढे ओढा, भिंतीला चिकटून बसलं की बेसही घुमतो. उजव्याला स्टँड घ्या, भिंत लागतेच कुठे. अंतर एकसारखं नसलं तरी चालतं, टेपने मोजून रिसिव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणारा डबा) टाका, जवळचा असेल त्याचा आवाज तो तेवढा उशिरा सोडतो (आवाज १ मिलिसेकंदात ३४ सेंमीच्या आसपास जातो).

मिरजवाला:
+१ स्टँडला. उंची कानापेक्षा फूट-दोन फूट वर ठेवा, नाहीतर शेजारी बसलेल्याच्या डोक्यातच आवाज अडतो. काचेवर जाड पडदा ओढा. वायर स्कर्टिंगच्या कडेने पट्टीत घाला, दिसतही नाही. वायरलेसच्या नादी लागलात तरी प्लग लागतोच हे लक्षात ठेवा.

बेसुरा:
सबवूफरचं कोणीच बोललं नाही? डायनिंग उघडं म्हणजे बेस तिकडे पळणार. सब चक्क सोफ्यावर ठेवा, बेसवालं गाणं लावा आणि हॉलभर रांगत फिरा, जिथे बेस घट्ट आणि सारखा ऐकू येईल तिथे सब. हसू नका, चालतं हे.

कोथरूडकर:
सोफा ओढला, स्टँड आणला. डावा ५ फूट, उजवा ७ फूट भरला, ते आकडे टाकल्यावर मागून पाऊस ऐकू आला राव!! पहिल्यांदा रिसिव्हरच्या माइकने आवाज मोजून सेटिंग करताना पंखा चालू राहिला होता म्हणून परत केलं. रांगायचं तेवढं राहिलंय, सासरे आलेत, ते रविवारी गेले की.