हॅलोविनला काय लावायचं?

ताई (एडिसन, अमेरिका): ग्रुपवर सगळ्यांना एक विचारायचंय. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, पोरं दारोदार फिरून चॉकलेटं गोळा करून आली की सगळे आमच्याकडेच जमणार आहेत. तीन मराठी घरं आणि शेजारचं अमेरिकन जोडपं. आधी मुलांसाठी एक सिनेमा, ती झोपली की मोठ्यांसाठी एक. मोठ्यांना आपल्याकडचा काहीतरी दाखवायचाय. भीती वाटली पाहिजे, किळस नको. सुचवा पटापट.

मी: ताई, डोळे मिटून ‘लपाछपी’. विशाल फुरिया, २०१७. कर्ज देणाऱ्यांपासून पळालेलं जोडपं उसाच्या फडातल्या एकट्या घरात येऊन राहतं आणि बायको पोटुशी असते. अंधाराची गरजच नाही, दिवसाढवळ्या उसात भीती वाटते. फडात आत शिरलं की चार पावलांवरचं दिसत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. पूजा सावंत छानच, पण उषा नाईक मायेनं बोलायला लागल्या की पोटात गोळा येतो!

मामा: +१. पुढे फुरियानंच हिंदीत ‘छोरी’ केला, २०२१ ला प्राइमवर आला. मला मूळ मराठीच जास्त भिडला.

मामी: अगं पण तुझ्या त्या मैत्रिणीला सातवा लागलाय ना? तीही असणार. तिच्यासमोर हा नको गं.

ताई: अय्या, हो की. मग राहू दे.

मी: मामीचं अगदी बरोबर. ताई, तू नंतर कधीतरी बघच, पण त्या रात्री नको.

मावशी: रामगोपाल वर्माचा ‘भूत’ लाव. २००३. एकही गाणं नाही त्यात. ऊर्मिलानं काय काम केलंय! वाडा नाही, स्मशान नाही, आपल्यासारखाच मुंबईतला फ्लॅट आणि लिफ्ट. थेटरात बघून आल्यावर मी कितीतरी दिवस लिफ्टनं एकटी गेले नव्हते.

मामा: माझं वेगळं मत आहे, जरा लांबेल. सण तिकडचा आहे तर त्या रात्रीचा सिनेमाच बघा ना. जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’, १९७८. तीनेक लाख डॉलरमध्ये केलेला, दीड तासाचा. रक्त जवळपास नाहीच. गोष्ट इलिनॉयमधल्या एका काल्पनिक गावातली, शूटिंग मात्र कॅलिफोर्नियात आणि तेही वसंतात! म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरायचे आणि शॉट झाला की गोळा करून पुन्हा वापरायचे. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा मुखवटा, पांढरा रंग मारलेला. आणि संगीत! कार्पेंटरनं स्वतःच केलंय. पाच मात्रांची चाल. पाचाचा ठेका त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. तबला वाजवणाऱ्यानं ऐकावंच. चार मात्रांची सवय असलेल्या कानाला सम आली असं वाटतं आणि ती येतच नाही. सगळी धास्ती त्या एका मात्रेत आहे.

दादा: मामा, हे आज रात्रीच ऐकतो. पण ताईच्या शेजाऱ्यांनी तो नक्की पाहिला असणार. त्यांना न पाहिलेलं दाखवू या. ‘तुंबाड’.

मी: मी हेच लिहीत होते. राही अनिल बर्वे, २०१८. एका माणसाची हाव १९१८ पासून १९४७ पर्यंत वाढताना दिसते. पाऊस खरा मिळावा म्हणून कितीतरी पावसाळे थांबून शूटिंग केलंय, आणि ते दिसतं. सारखी ओल, चिखल, गळणारा वाडा. भुतापेक्षा मला त्या ओलीचीच जास्त भीती वाटते. शिवाय त्यातला देव हस्तर कुठल्याच पुराणात नाही, गोष्टीसाठी रचलाय. त्यामुळे अमेरिकन शेजारी आणि आपण एकाच पायरीवर.

मावशी: ‘तुंबाडचे खोत’ कादंबरीशी काही संबंध?

मी: फक्त नावाचा, मावशी. गोष्टीचं बीज भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांकडचं आहे.

मामी: त्यात गर्भासारखी ती लाल जागा आहे ना? मैत्रिणीला विचारून घे.

ताई: विचारलं. २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा तिनं पुण्यात थेटरात पाहिलाय, तीच मागे लागलीय की हाच लावा. पण मुलं?

मामा: तो ए सर्टिफिकेटचा आहे. पोरं खरंच झोपलीत का ते वर जाऊन बघ, मगच सुरू कर. जिन्यावर बसून बघतात.

मामी: मुलांना ‘कोको’ लाव. मेलेली माणसं आहेत, पण भेटावीशी वाटणारी. त्यातला मुलगा पणजीसमोर गाणं म्हणतो, तिथं मी दर वेळी रडते. ‘कोरालाइन’ मात्र धाकट्याला नको. डोळ्यांच्या जागी बटणं असलेली आई बघून सहा वर्षांचं पोर रात्री तुझ्याजवळ झोपणार नाही.

ताई: ठरलं मग! साडेसहाला ‘कोको’, नऊला ‘तुंबाड’.

मामा: सबटायटल आदल्या दिवशी तपासून ठेव. दिवे पूर्ण बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आवाज चांगला मोठा. मध्ये खायला उठायचं नाही, आधीच जेवून घ्या.

दादा: तुझे नऊ म्हणजे आमचे १ तारखेचे सकाळचे साडेसहा.

मावशी: मी उठते. पडदे लावून इकडे बघते तुमच्याबरोबर. सुरू करताना ग्रुपवर टाक गं.